दार नसलेला खोका

माझं काम नेमकं काय, हे आमच्या घरात अजून कोणालाच धड सांगता येत नाही. मावशीला वाटतं मी कॉम्प्युटरवर घरं विकते. शेजारच्या काकू आल्यागेल्याला सांगतात, "ते लाईटबिल पाह्यते." दोन्ही खोटं, पण काकूंचं त्यातल्या त्यात जवळचं. एखादी इमारत बांधायच्या आधी ती उन्हाळ्यात किती तापेल, थंडीत किती गार पडेल, पंखे आणि एसी मिळून किती वीज खातील, याचा हिशोब मी मांडते. कंपनी पुण्याची, मी बुलढाण्यात, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत बसून.

हिशोब मांडायचा तर आधी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करावी लागते. ती जशीच्या तशी उभी करायची म्हटलं, तर एकेक कोनाडा, एकेक पायरी, जिन्याचा कठडा असं सगळं काढत बसावं लागतं, आणि एवढा गुंता झाला की मशीन तासन्तास नुसतं फिरत राहतं. म्हणून आम्ही इमारत सोलून काढतो. लांबी, रुंदी, उंची, मजले, कोणत्या भिंतीचा किती हिस्सा खिडक्यांना, छज्जा किती पुढं आणि लांब भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला. एवढे आकडे भरले की पडद्यावर एक खोका उभा राहतो. या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. खोका दिसायला अगदी भिकार असतो, पण उन्हाबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा खरं बोलतो. त्या वर्षी कंपनीनं मला दिलेलं कामच हे होतं. लहान गावांतल्या शाळा, दवाखाने, अंगणवाड्या यांच्यासाठी असे मोजके पॅरामीटर ठरवायचे, म्हणजे कोणीही रकाने भरावेत आणि खोका तयार व्हावा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते मी ठरवणार होते. त्याचा मला चांगलाच माज होता, लपवत नाही.

माझी ताई अंगणवाडी सेविका आहे, उंद्रीच्या पुढं एका लहानशा गावात. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिला अजून तिथंच राहायचं आहे.

तिची अंगणवाडी तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरात भरायची. एकच खोली, वर टिन. एप्रिल लागला की सकाळचे दहा वाजेपर्यंत टिन तडतड वाजायला लागायचं आणि पोरं अंगातले कपडे काढून फेकायची. खिचडी शिजेपर्यंत कोणाची ना कोणाची आई येऊन पोराला उचलून न्यायची. पण उन्हाचं एक वेळ समजू शकतं. खरी गोष्ट वेगळी होती. पुढच्या आळ्यांतली पोरं मुळात समाजमंदिरात बसायचीच नाहीत. नावं पटावर, पोषण आहाराची पाकिटं घरपोच, पोर मात्र घरी. विचारलं तर तोंडावर कोणी वाकडं बोलणार नाही. "ऊन लय हाये ना ताई," म्हणायचे. डिसेंबरात विचारलं तर, "थंडी लय हाये ना ताई." मी हे ऐकलं की माझं डोकं सरकायचं. ताईचं सरकायचं नाही. ती पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊन हसून उभी राहायची, आणि मला तिच्या त्या हसण्याचाही राग यायचा.

"मले सगळ्या गावाचे पोट्टे एका पंगतीत जेवताना पाह्यचे हायेत," ती म्हणायची. "रिटायर व्हायच्या आधी. बाकी मले काही नोको."

आणि एक दिवस तिचा फोन आला की नवीन इमारत मंजूर झाली. जागा ग्रामपंचायतीची, ऐन सडकेला लागून. वस्ती जिथं सुरू होते त्या गल्लीच्या तोंडावर, म्हणजे वस्तीतही नाही आणि वस्तीपासून लांबही नाही. ताई फोनवर रडत होती का हसत होती ते कळेना. "सडकेवर तोंड हाये तिचं," ती दोन-तीनदा म्हणाली. "आता कोन म्हनते आमचं पोट्टं वस्तीत पाठवत नाही म्हनून? सडक का कोनाच्या बापाची हाये?"

तिनं जागेचा नकाशा वहीच्या पानावर काढून फोटो पाठवला. तालुक्याच्या इंजिनियरकडून टाईप प्लॅनचा फोटो आला. टाईप प्लॅन म्हणजे सगळ्या गावांना एकच ठरलेला आराखडा. एक मोठी खोली, स्वयंपाकाची लहान खोली, लांब भिंतीत दार आणि खिडक्या, समोर ओटा. आखूड भिंती दोन्ही कोऱ्या. "तुह्या त्या खोक्यात टाकून पाह्य," ताई म्हणाली. "पोट्ट्यायले जेवल्यावर घटकाभर झोपता आलं पाह्यजे. तेवढं सांग."

मला आयता नमुना मिळाला. मी मोठ्या हौसेनं रकाने भरले. नकाशात लांब भिंत सडकेकडे होती, सडक कागदाच्या खालच्या बाजूला. कागदाची वरची बाजू उत्तर, म्हणजे लांब भिंत दक्षिणेला. हे तर चांगलंच झालं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही, आणि जे पडतं ते छज्जा अडवतो. खोक्यानं सांगितलं, छज्जा फूटभर वाढवा, छपराला वरून पांढरा रंग द्या, खोली बसण्यासारखी राहते. मी ते फोनवर सरपंचबाईंना समजावलं, इंजिनियरला समजावलं. दोघंही हो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुण्याच्या साहेबांना कळवलं की नमुना उत्तम चालला.

आखणीच्या दिवशी ताईनं बोलावलं म्हणून मी चिखलीच्या बसमध्ये बसले, तिथून ऑटो केला आणि दुपारी चारच्या सुमारास जागेवर पोचले. दिवस मार्चचे. मिस्त्रीचाचांनी दोरी ताणून फक्की टाकायला सुरुवात केली होती, जमिनीवर पांढरी रेघ उमटत चालली होती. सरपंचबाई नारळ घेऊन उभ्या होत्या. ताई नवं लुगडं नेसून आली होती. मी आखणीच्या मधोमध, जिथं मोठी खोली येणार तिथं उभी राहिले आणि सडकेकडं तोंड केलं.

ऊन थेट डोळ्यांत घुसलं.

मी हात आडवा धरला. मग खाली घेतला. मग फोन काढून दिशा पाहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला. सडक पश्चिमेला होती. लांब भिंत, तिच्यातल्या सगळ्या खिडक्या, सगळं पश्चिमेला. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर तिरपं, पार खाली येऊन आत शिरतं. त्याला फूटभर काय, ओटाभर छज्जा केला तरी अडत नाही.

"हे पश्चिम हाये ना वं?" मी ताईला विचारलं.

"हाव. मंग?"

"मग नकाशात वर उत्तर काऊन दाखवली?"

"मी कुठं दाखवली? मी सडक काढली."

तिचं बरोबर होतं. आमच्याकडं कोणीही कुठलाही नकाशा काढायचा म्हटला तर आधी सडक काढतो, कागदाच्या खालच्या कडेला. मग त्या सडकेवर आपण उभे आहोत असं धरून समोर जे दिसतं ते वर वर काढत जातो. लग्नपत्रिकेच्या मागचा नकाशा असो की शेताच्या वाटणीचा, रीत हीच. शाळेतलं 'वर उत्तर' हे भूगोलाच्या पेपरापुरतं. इंजिनियरच्या कागदावर उत्तरेचा बाण होता, पण तो टाईप प्लॅनसोबत छापून आलेला. प्लॅन कुठल्याही गावात नेला तरी बाण वरच. आणि मी याच जिल्ह्यात वाढलेली, लहानपणापासून असेच नकाशे काढत आलेली, पुण्याच्या रकान्यांसमोर बसले आणि हे सगळं विसरले.

"गावातल्या कोनाले पश्चिम माहीत नाही का?" ताई म्हणाली. "तू विचारलं असतं तर मी सांगतलं असतं."

"तू लिहिलं असतं तर मी विचारलं नसतं," मी फटकन म्हणाले. सरपंचबाई नारळ या हातातून त्या हातात घेऊ लागल्या. मिस्त्रीचाचांनी दोरी सैल केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाई, काम रोकू का?"

"रोका."

"नारळ?" सरपंचबाईंनी विचारलं.

"नारळ फोडा बाई," मी म्हणाले. "पण रेघ बदलणार आहे." कशी बदलणार ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ती बदलल्याशिवाय मी बुलढाण्याला परत जाणार नव्हते.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि आम्ही ताईच्या घरी येऊन बसलो. मी लॅपटॉप उघडला आणि एकच आकडा बदलला, दिशेचा. पडद्यावरचा खोका तसाच राहिला, नुसता जागच्या जागी फिरला. आणि खोलीची दुपार पार बिघडली. जेवण होऊन पोरांनी पडायची वेळ आणि खोली सगळ्यात तापायची वेळ एकच निघाली. मग मी खोका आणखी एकदा फिरवला. लांब भिंतींची तोंडं उत्तर-दक्षिणेला, कोरी आखूड भिंत सडकेकडे. खोली पुन्हा माणसात आली. जागा जवळजवळ चौकोनी होती, त्यामुळं इमारत फिरवून सहज बसत होती. नवीन वीट लागणार नव्हती, फक्त रेघ फिरणार होती.

सरपंचबाई विचार करून म्हणाल्या, "सडकेकडं बिल्डिंगची कूस येईन ना मंग. बोर्ड कुठं लावसान?"

"कोऱ्या भिंतीवर. उलट मोठा बसेल."

त्यांना ते पटलं. बोर्ड मोठा बसतो म्हटल्यावर बरंच काही पटतं. त्या उठून गेल्या, आणि ताई मात्र पडद्याकडं टक लावून बसून राहिली. चहा तिच्या हातात तसाच.

"या खोक्याले दार कुठं हाये?" तिनं विचारलं.

"यात दार नसते."

"काऊन?"

"एका दारानं हिशोबात फरक पडत नाही म्हणून सोडून देतो."

"कोनाले फरक पडत नाही?"

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. बोटानं जमिनीवर चौकोन काढला, खाली सडक, जशी तिची रीत. "हे तुही फिरवलेली अंगनवाडी. उत्तरेकडून गोठ्याची भिंत चिकटून हाये, तिकून दार होत नाही. मंग दार या बाजूनं. आन या बाजूले काय हाये?"

त्या बाजूला वस्तीची गल्ली होती.

"दोन पावलं," ताई म्हणाली. "दोन पावलं गल्लीत टाकाव लागतीन. तुले वाटते, दोन पावलानं काय होते. मी इतकी वर्षं त्यायच्या दारात जाऊन राह्यली, मले इचार. ते दोन पावलं कोनी टाकत नाही. सडकेवर दार असन तर त्यायले बोलाले जागा नाही. गल्लीत दार गेलं की संपलं. मंग पुन्हा ऊन लय हाये ना ताई."

"मग काय तापू देऊ? कोणासाठी बांधून राह्यलो आपण?" माझा आवाज चढला. "दार सडकेवर ठेवते आणि पोरं भाजून काढते, असं चालेल तुला?"

"आन थंड खोलीत अर्धेच पोट्टे बसवू, हे चालते तुले?" तिचाही चढला. ताईचा आवाज मी असा क्वचित ऐकला आहे. "आपल्यासाठी सारं मागूनच असते. मागची गल्ली, मागची विहीर, मागचं दार. पह्यल्यांदा एक गोष्ट समोरून भेटून राह्यली, आन माह्यी सख्खी बहीन तिले फिरवून मागं करते. कशासाठी? एका मशीनीनं सांगतलं म्हनून."

मला फार लागलं ते. मी पाय आपटत बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, मुद्दाम जरा जोरात. बसून बसून माझा राग उतरला आणि मग लाज वाटायला लागली. ती म्हणत होती ते खोट्यातलं नव्हतं. मी ज्याला फरक पडत नाही म्हणून सोडून दिलं होतं, त्याच्यावर तिचं सगळं अडलं होतं. आणि मशीनही खोटं बोलत नव्हतं. पश्चिमेला खिडक्या ठेवून चालणार नव्हतंच. दोन्ही खरं, आणि मला दोन्ही हवं होतं.

मी आत जाऊन ताईसमोर जमिनीवर बसले. तिचा चौकोन अजून पुसला नव्हता. "खिडक्या तिकडं नकोत," मी म्हणाले. "पण दाराला काय हरकत आहे? आखूड भिंत कोरीच आहे. दार तिच्यात पाडू. सडकेवर."

ताईनं वर पाहिलं. "तसं होते?"

"प्लॅनमध्ये नाही. करावं लागेल."

मग मी लॅपटॉप ओढला. आमच्या खोक्यात दाराला रकानाच नव्हता, म्हणून खिडकीच्याच रकान्याला फसवून, काच काढून, जाड फळी आहे असं सांगून ते दार बसवलं. ताई शेजारी बसून पाहत होती. आकडे आले. दार बंद ठेवलं तर जवळजवळ काहीच नाही, पण दुपारभर उघडं राहिलं तर खोली साधारण एक डिग्रीनं जास्त तापणार होती.

"एक डिग्री म्हंजे किती?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागले. घाम किती येतो, झोप कशी मोडते. तिनं मधेच थांबवलं.

"एक डिग्री घे माह्याकडून," ती म्हणाली. "दार मी देत नाही."

बस. यानंतर त्या घरात या विषयावर चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनियरला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. दिशेची गोष्ट ऐकून तो स्वतःच हळहळला. म्हणाला, "फिरवायला माझी ना नाही मॅडम, पण दार हलवता येत नाही. टाईप प्लॅन म्हणजे टाईप प्लॅन. मोठ्या साहेबांची सही लागेल, बुलढाण्याला." बुलढाणा तर माझ्या घरचंच. मी म्हटलं, चला, पायाखालचा रस्ता आहे.

पहिल्यांदा मी सकाळी गेले. साहेब कागद वाचून शांतपणे म्हणाले, "एका गावाला दार हलवून दिलं तर उद्या दुसरं गाव खिडकी मागेल." मी म्हणाले, "मागू द्या ना साहेब." त्यांना ते आवडलं नाही. प्रस्ताव ठेवून जा, पाहतो, असं म्हणाले. पाहतो म्हणजे काय हे सरकारी कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पुन्हा गेले, साहेब मीटिंगला. पुन्हा गेले, साहेब दौऱ्यावर. शिपाई मला ओळखायला लागला, बाकावर सरकून जागा करून द्यायला लागला. आईला वाटलं मी आता नाद सोडेन. ताई फोनवर काहीच विचारत नव्हती. तिचं ते न विचारणंच मला झोंबत होतं. मिस्त्रीचाचांनी निरोप पाठवला होता की दुसरं काम घेतो, रेघ ठरली की सांगा.

त्या पहिल्या सकाळी मात्र मला साहेबांच्या खोलीत बसल्याबसल्या एक गोष्ट दिसली होती. त्यांच्या एका खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. खिडकी पश्चिमेची होती. मग मी सकाळी जायचं बंद केलं आणि ठरवून चार वाजता गेले. बुलढाणा वर पठारावर, हवा चांगली म्हणून आम्ही मिरवतो, पण पश्चिमेची खोली कुठंही पश्चिमेचीच. साहेबांचं टेबल सकाळच्या जागेवर नव्हतं. खुर्चीसकट कोपऱ्यात ओढलं होतं, आणि साहेब भिंतीला चिकटून, अंग चोरून सह्या करत होते. कागद चिकटवूनही टेबलाच्या जुन्या जागेवर ऊन आलं होतं.

"साहेब, तुम्हाला टेबल सरकवता येतं," मी म्हणाले. "खिचडी खाऊन झोपलेलं तीन वर्षांचं पोर कुठं सरकणार?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. मी दोन्ही खोक्यांची चित्रं पुढं ठेवली, लाल झालेला आणि न झालेला. लांब भिंतीतलं दार बुजवायचं आणि आखूड भिंतीत पाडायचं, ओटाही तिकडंच न्यायचा, विटा तेवढ्याच, खर्च तेवढाच, हे समजावून सांगितलं. दार सडकेवरच का हवं, हे त्यांनी विचारलं. मी आडवळणानं काही सांगितलं नाही. जसं होतं तसं सांगितलं, पुढच्या आळ्यांचं, समाजमंदिराचं, दोन पावलांचं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फाईल ओढून सही केली, आणि शिपायाला म्हणाले, "यांना चहा सांग, लई चकरा झाल्या यांच्या."

मिस्त्रीचाचांनी जुनी रेघ चपलेनं पुसली आणि नवीन फक्की टाकली. "अब पक्का ना, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं पक्का. ते म्हणाले, "पह्यले बी पक्काच होता," आणि आपल्याच बोलण्यावर हसले. त्या दिवशी पाया खणायला सुरुवात झाली.

पुण्याच्या साहेबांशी माझं वाजलं ते याच सुमाराला. मी रकान्यांची यादी पाठवली, त्यात दोन नवे होते. एक, दिशा लिहिण्याआधी विचारायचं की दुपारी चारला ऊन कोणत्या भिंतीवर येतं. दुसरा, दार कोणत्या भिंतीत आणि दिवसातून किती वेळ उघडं. पहिला त्यांना आवडला. दुसऱ्याबद्दल म्हणाले, "दाराचा परिणाम नगण्य आहे, काढून टाक, रकाने जितके कमी तितकं बरं." माझ्या बोलण्याला तिथले लोक एरवी गालात हसतात, म्हणून मी मीटिंगमध्ये जपून पुस्तकी बोलते. त्या दिवशी नाही बोलले. म्हटलं, "नगण्य तुमच्याकडं असन. आमच्याकडं लोक दार पाहूनच आत याचं का नाही ते ठरवतात. माणूसच आत आला नाही तर थंड खोली काय भुतायसाठी करून राह्यलो का आपण?" कोणी हसलं नाही. रकाना राहिला.

पुढचा एप्रिल आला. अंगणवाडी सुरू होऊन काही महिने झाले होते. मी ताईला बजावून ठेवलं होतं की दुपारी बारा ते चार सडकेचं दार लावून घ्यायचं, खिडक्या गल्लीकडच्या उघड्या, पंखा हळू. तिनं फोनवर हो-हो म्हटलं होतं. एक दिवस मी तापमापक घेऊन, न सांगता, जेवणाच्या वेळी जाऊन धडकले. ऐन बाराचं ऊन, सडकेवर चिटपाखरू नाही. आणि अंगणवाडीचं दार सताड उघडं, वर ते वाऱ्यानं लागू नये म्हणून फळीला वीट लावलेली.

माझं टाळकं फिरलं. एवढ्या चकरा, एवढं भांडण, आणि एक दार लावायचं या बाईला होत नाही. मी सडकेवरून तशीच ओट्यावर चढले आणि वीट काढायला वाकले.

"हात लावू नोको," ताई आतून म्हणाली. हळू आवाजात, हातात खिचडीचं पातेलं, तोंडावर तेच हसू. "लावलेलं दार कोनी ढकलत नाही. उघडं असलं तर जाता-जाता पाह्यतात. पाह्यलं की थांबतात."

मी वाकलेलीच मागं वळून पाहिलं. माझ्या मागं ओट्याच्या खालच्या पायरीवर एक बाई उभी होती. पुढच्या आळीतली, मी तिला ओळखत होते, ताई जिच्या दारात सगळ्यात जास्त वेळा हसून उभी राहिली होती तीच. डोक्यावर पदर, कडेवर पोर. ती आत पाहत होती. आत भिंतीला धरून पंगत बसली होती, वस्तीतली पोरं आणि पुढच्या आळ्यांतली चार-पाच, थाळ्या वाजवत. कडेवरच्या पोरानं ते पाहिलं आणि खाली उतरायला पाय झाडले. तिनं त्याला घट्ट धरलं. ते रडायला लागलं. मग तिनं सडकेच्या दोन्ही बाजूंना एकदा पाहून घेतलं आणि त्याला ओट्यावर ठेवलं. ते माझ्या हाताखालून, विटेला पाय लावत, धावत आत गेलं आणि पंगतीत घुसून बसलं. शेजारच्या पोरीनं कपाळाला आठ्या घालत सरकून जागा केली.

"त्याचा डबा आनू का घरून?" बाईनं बाहेरूनच विचारलं.

"कायले?" ताई म्हणाली आणि त्याच्या पुढं थाळी ठेवली. "सगळ्यायले एकाच पातेल्यातलं हाये."

बाई गेली नाही. ऊन तिच्या डोक्यावर होतं आणि माझ्या पाठीवर, आणि उघड्या दारातून त्याची झळ सरळ खोलीत जात होती. मी वीट हातानं आणखी आत रेटली, फळी हलणार नाही अशी, आणि बाईला सावलीत वर यायला ओट्यावर जागा करून दिली.